तुरुंगाऐवजी बिलोली

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. चोऱ्या, मारामाऱ्या, बांधावरची भांडणं, सगळं पाहिलं. पुष्कळ विसरलो, काही मुद्दाम विसरलो. पण एक प्रकरण असं आहे की ते आठवलं की मी बसल्या जागी एकटाच हसतो आणि घरातले विचारतात, काय झालं. त्यातल्या कुणाचं नाव इथं सांगणार नाही. ज्यांची गोष्ट आहे ते वाचून ओळखतील, आणि मला शिव्या देणार नाहीत एवढी खात्री आहे.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. इतका नवा की ठाण्याच्या रबरी शिक्क्यावरचं जुन्या जिल्ह्याचं नाव आम्ही ब्लेडनं कोरून काढलं होतं आणि प्रत्येक कागदावर त्या जागी हातानं ‘लातूर’ लिहीत होतो. माझं ठाणं जळकोटच्या बाजूला, नांदेडच्या हद्दीला अगदी खेटून. सायकलवर अर्धा तास पुढं गेलं की मुखेड तालुका, म्हणजे दुसरा जिल्हा आणि दुसरे साहेब. चोरानं एक नाला ओलांडला की आम्हाला चार पत्रं लिहावी लागायची. मी नुकताच फौजदार झालो होतो. स्वभाव तापट. अजूनही आहे, फक्त आता ऐकायला कुणी नसतं.

त्या वर्षी पाऊस नव्हताच. गावातले आड आटले. मठाच्या मळ्यातल्या एकाच विहिरीला तेवढं पाणी होतं, आणि सकाळी गावातले पुरुष तिथं रांगेनं अंघोळीला जायचे. माणशी एक बादली. मठाचे स्वामी स्वतः काठावर बसून मोजायचे.

गावात व्यापारी बहुतेक लिंगायत. गळ्यात चांदीची डबी आणि त्या डबीत गुरूनं दिलेलं लिंग. हे लिंग अंगावेगळं करायचं नाही, त्याची पूजा झाल्याशिवाय तोंडात अन्न घालायचं नाही, असा नेम. पण विहिरीवर गर्दी, घाई, रेटारेटी. दोरा भिजला की दिवसभर मानेला ओला लागतो म्हणून काही जण डबी काढून काठावरच्या दगडावर ठेवायला लागले. घरी कुणी असं केलं नसतं. विहिरीवर चार जण करतात म्हणून पाचवा करायला लागला.

आणि तिथून डब्या जायला लागल्या.

पहिल्या दोघांनी तर फिर्यादच दिली नाही. फिर्याद द्यायची म्हणजे लिंग गळ्यातून काढलं होतं हे कागदावर यायचं, आणि त्याची त्यांना चोरीपेक्षा जास्त लाज. मला कुणकुण लागली ती हवालदाराकडून. आमचे हवालदार वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, मुक्रमाबादकडचे, सगळ्या बाजाराची खबर असलेले. ते म्हणाले, “साहेब, लई नवलाचा चोर हाय. चांदी घेऊन राहिला अन् लिंग माघारी देऊन राहिला.”

“म्हणजे?”

“दुसऱ्या दिशी मठाच्या उंबऱ्यावर पुडकं असतंय. पांढऱ्या धुतल्या फडक्यात लिंग, वर बेलाचं पान, अन् दोऱ्यानं बांधलेलं. स्वामींनी दोघांचं दोघांना दिलं.”

मला वाटलं, सोपं आहे. चोर मठाच्या उंबऱ्यावर येतो, तर तिथंच धरायचा. मी एक शिपाई साध्या कपड्यात मठाच्या दाराशी बसवला. धोतर, टोपी, हातात जपमाळ. माझ्या डोक्यावर मीच खूश. एकच गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. त्या शिपायाला अख्खं गाव ओळखत होतं आणि पायात त्याचे सरकारी बूट तसेच होते.

दोन दिवसांनी तिसरी डबी गेली. ती गेली आडत दुकानवाल्या आप्पांची. साठीचा माणूस, उंच, कमी बोलणारा. बाजारात भावावरून भांडण झालं की दोन्ही बाजू त्यांच्याकडे जायच्या. आप्पांनी मात्र स्वतः ठाण्यात येऊन फिर्याद दिली. ठाणे अंमलदारानं विचारलं, डबी कुठं होती, तर म्हणाले, “दगडावर. माझीच चूक. तसंच लिहा.”

आम्ही वाट पाहिली. दुसरा दिवस उजाडला, तिसरा उजाडला, मठाच्या उंबऱ्यावर काही आलं नाही. आणि आप्पांनी जेवण सोडलं. गुरू वारलेले, त्यांच्या हातचं लिंग, दुसरं घेणार नाही म्हणाले. स्वामींनी समजूत घातली म्हणून नुसतं दूध-पाणी घ्यायला तयार झाले. दुकानात मात्र रोज येऊन बसत. तेच अवघड होतं. भर बाजारात तो माणूस सगळ्यांसमोर सुकत चालला होता. व्यापारी माझ्याकडे यायचे आणि नुसते खुर्चीवर बसून राहायचे. जिल्ह्याहून फोन आला, “नवा जिल्हा आहे, बाजार बंद वगैरे काही नको. चोर पाहिजे.”

माझ्याकडे पुरावा काय? दोन फडकी. पहिल्या पुडक्याचा दोरा स्वामींनी कात्रीनं कापला होता. दुसऱ्याचा मात्र हवालदारांनी सांगून ठेवल्यामुळे न कापता फडक्यावरून अलगद सरकवून काढला होता. गाठ जशीच्या तशी. मी ती कागदाच्या पाकिटात घालून मुद्देमालाच्या कपाटात ठेवली आणि विसरून गेलो. हवालदारांनीच आठवण दिली. “साहेब, ही गाठ आपुन मारतो तसली न्हाई. पटवेगार चाचाला दाखवू की.”

पटवेगार म्हणजे दागिने रेशमात ओवणारा, गोफ विणणारा. पोतीचे, डोरल्याचे, बाजूबंदाचे गोंडे त्याच्याकडून. आप्पांच्या लिंगाचे दोरेही तिथलेच. आमच्या गावातल्या चाचांचं घराणं निजामाच्या अमदानीपासून हेच करत आलेलं. दुकान म्हणजे एक हात रुंद फळी. वर भिंतीला दोऱ्यांच्या लडींचे लाकडी डबे आणि खाली चाचा, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून.

मी पाकीट पुढं केलं. त्यांनी चष्मा पुसला, गाठ तळहातावर घेतली, उलटी केली. मग चहा मागवला. चहा आला, निवला, तरी गाठ तळहातावरच. माझा पारा चढत होता. हवालदारांनी डोळ्यानं खुणावलं, थांबा.

शेवटी चाचा म्हणाले, “साहेब, ही गाठ माझ्या बापानं मला शिकवली. या मुलखात तिघांनाच येते. एक मी. एक माझा भाऊ, तो हैदराबादला. अन् एक पोरगा, पाच साल माझ्याजवळ होता. लई मुलायम हात. त्याला शिंदीनं खाल्लं. मीच हाकलून दिला, दो बरस झाले.”

“नाव?”

“नाव देतो. पण ऐका साहेब, तो वाईट न्हाई. वाईट असता तर लिंग नाल्यात फेकलं असतं, अशी गाठ मारत बसला असता का?”

मी नाव लिहून घेतलं. बाकीचं ऐकलं, पण लिहून घेतलं नाही.

पोरगा वीस वर्षांचा. बाप लहानपणीच गेलेला, आई भाजी विकायची. तो सापडला मुखेडच्या वाटेवर शिंदीच्या दुकानामागं, भिंतीला टेकून. पळाला नाही. हवालदारांना पाहून म्हणाला, “मामा, आलो की. चप्पल घालू द्या.” मुखेडच्या आठवडी बाजारात ज्याला त्यानं चांदी विकली होती त्याचं नावही लगेच सांगितलं. तीनपैकी दोन डब्या तशाच मिळाल्या, तिसरी ठोकून चपटी झालेली. पंचनामा झाला, जबाब झाला, कोर्टातून पोलीस कोठडी मिळाली. मी खूश. आता फक्त आप्पांचं लिंग.

“लिंग कुठं आहे?”

“ठिवलं.”

“कुठं ठेवलंस?”

“चांगल्या जागी ठिवलं, साहेब.”

“जागेचं नाव सांग.”

तो कपाळाला हात लावायचा, आठवायचा प्रयत्न करायचा आणि पुन्हा तेच. चांगल्या जागी. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, आईला समोर आणून बसवलं. आईनं तर माझ्या पायाला हात लावला. “साहेब, जेलातच टाका याला. तिथं तरी दोन येळ खाईल अन् पिणार न्हाई.” आईनंच असं म्हटल्यावर मला आणखी जोर आला. दोषारोपपत्र मी त्याच रात्री लिहून काढलं. सराईत, निर्ढावलेला, समाजाला उपद्रव. हे शब्द आमच्या लेखणीतून आपोआप उतरत.

कोठडीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे हात कापायला लागले. अंगाला घाम. भिंतीवरून मुंग्या चालल्यात म्हणून झटकायला लागला. मी म्हणालो, “नाटक आहे. चौकशी टाळतोय.” मी एक तास तसाच जाऊ दिला. तो एक तास मला अजून टोचतो. शेवटी पोरगा कोसळला आणि हातपाय झाडायला लागला, तेव्हा कुठं जीप काढली.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, पण त्यांनी मला जे झापलं तसं माझ्या वरिष्ठांनीही कधी झापलं नव्हतं. “फौजदार, झाडं वाळून गेली, मग शिंदी कुठून येते, हा प्रश्न पडला नाही तुम्हाला? पाणी, साखरीन आणि गुंगीची पावडर. दोन वर्षं रोज पिणाऱ्याची ती एकदम तुटली की मेंदू असाच पेटतो. कोठडीत अजून एक दिवस राहिला असता तर तुमचीच चौकशी लागली असती.”

हवालदार माझ्या मागं उभे होते. पंधरा दिवसांपूर्वी हाच प्रश्न त्यांनी मला विचारला होता, आणि मी हसून उडवून लावला होता. ते नुसते खाकरले.

औषध सुरू झालं. दवाखान्यात खाटेजवळ पहारा बसवला. तिसऱ्या दिवशी सकाळी शिपाई पळत आला, पोरगा शुद्धीवर आला म्हणून. मी गेलो. डोळे स्वच्छ झाले होते. त्याला पहिल्यांदाच मी नीट पाहत होतो, आणि तोही मला. मी काही विचारायच्या आत त्यानंच विचारलं, “साहेब, आप्पा जेवले का?”

मी खुर्ची ओढून बसलो. म्हणालो, “नाही. तू सांगेपर्यंत जेवणार नाहीत.”

“मठावर ठिवायला गेलतो. तिथं शिपाई माळ घेऊन बसलेला. बूट दिसले मला. मंग चाचाच्या दुकानात गेलो. काम हाय का म्हणून इचारलं. ते पाणी आणायला आत गेले. वरच्या डब्यात, पांढऱ्या रेशमात ठिवलं. तेवढीच चांगली जागा मला ठावी.”

म्हणजे माझ्याच पहाऱ्यामुळं लिंग हरवलं होतं. आणि हरवलं कुठं, तर ज्या फळीसमोर उभा राहून मी गाठ दाखवली, त्या फळीच्या वर दोन हातांवर.

चाचांकडे आम्ही सगळेच गेलो. मी, हवालदार, स्वामी, आणि मागं अर्धा बाजार. पांढऱ्या रेशमाचा डबा काढा म्हटल्यावर चाचा म्हणाले, “त्याला महिनाभर हात लावला न्हाई. दुष्काळात पांढरं रेशीम कोण घेतंय?” झाकण उघडलं. लडीच्या मधोमध फडक्याचं पुडकं, वर सुकलेलं बेलाचं पान. चाचांनी स्वतः हात लावला नाही. स्वामींकडे पाहून बाजूला सरकले आणि फळीवर बसून हसायला लागले. हसता हसता डोळे पुसत म्हणाले, “या अल्ला, आप्पा उपाशी अन् मी आठ दिवस त्याच्या खालीच बसून गोंडे वळून राहिलो.”

त्या दिवशी बाजारात जे हसू पसरलं, ते पूर्ण दुष्काळात मी पाहिलेलं पहिलं. आप्पांच्या घरी स्वामींनी विधी केला, पूजा झाली. आप्पांच्या घरच्या माउलीनं होते नव्हते ते गहू काढून हुग्गीची खीर केली आणि एक पातेलं ठाण्यात पाठवलं. शिपायानं विचारलं, याची मुद्देमालात नोंद करू का. मी म्हणालो, कर, आणि लगेच नाश कर.

इथं प्रकरण संपलं असतं. कबुली होती, माल होता, साक्षीदार होते, दोषारोपपत्र कोर्टात गेलं होतं. सहा महिने, वर्षभर शिक्षा सहज झाली असती. पण दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, “बिलोलीजवळ एक डॉक्टरबाई आणि त्यांचे मास्तर नवरा एक घर चालवतात. शिंदीवाल्या माणसांना तिथंच राहायला ठेवून बरं करतात. याला तुरुंगात पाठवलं तर सुटल्यावर दुकानापर्यंत जायला याला अर्धा तास लागेल. तिथं सहा महिने राहिला तर कदाचित वाचेल.”

मी म्हणालो, “चोरीला औषधोपचार? उद्या सगळेच आजारी पडतील.”

त्यावर हवालदार पहिल्यांदा माझ्यासमोर स्पष्ट बोलले. “साहेब, इतकी वर्सं मी पोरं जेलाच्या दाराशी सोडून राहिलो. त्यातलं एक बी सुधरून आलेलं मला दाखवा.” मी आठवू लागलो. आठवलं नाही. ‘आप्पा जेवले का’ हे मात्र डोक्यातून जात नव्हतं. मग मी कायद्याचं पुस्तक काढलं. परिवीक्षेचा, म्हणजे शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडण्याचा कायदा त्यात कधीपासूनचा होता. एकवीस वर्षांच्या आतल्या आरोपीला तुरुंगात घालायचं तर न्यायाधीशांनाच कारण लिहून द्यावं लागतं, असं स्पष्ट होतं. मी ते पान परीक्षेसाठी पाठ केलं होतं आणि नोकरीत एकदाही उघडलं नव्हतं.

मग धावपळ. शाळेतून जन्मतारखेचा दाखला काढला. आरोपीच्या घरची परिस्थिती पाहून अहवाल देणारे परिवीक्षा अधिकारी नव्या जिल्ह्याला अजून मिळालेच नव्हते. जुन्या जिल्ह्याचे गृहस्थ एसटीनं दोन गाड्या बदलून आले आणि धुळीनं माखलेल्या कपड्यांत पोराच्या आईशी दोन तास बोलले. चाचा जामीन राहिले. बिलोलीच्या बाईंनी लिहून दिलं, ठेवून घेतो.

कोर्टात न्यायाधीश म्हणाले, “फौजदार, तुमचं नाव दोन्ही कागदांवर दिसतंय. दोषारोपपत्रात तुम्ही याला सराईत म्हणता, आणि या अर्जात संधी द्या म्हणता. खरं काय?”

मी उभा राहिलो. कान तापले होते. म्हणालो, “साहेब, पहिला कागद मी त्याला ओळखण्याआधी लिहिला.”

न्यायाधीशांनी मग आप्पांना विचारलं, फिर्यादीचं काय म्हणणं. मला धास्ती वाटली. आठ दिवस उपाशी राहिलेला माणूस, त्यानं नुसतं ‘शिक्षा द्या’ म्हटलं असतं तर आमची सगळी धावपळ पाण्यात. आप्पा सावकाश पुढं आले.

“चांदी नेली, ती चोरी हाय. ती माफ करा म्हणत न्हाई. पण लिंग त्यानं भुईला टेकू दिलं न्हाई. पिऊन स्वतःची शुद्ध न्हाई, अन् लिंगाची शुद्ध हाय. असल्या माणसाला जेलात घालून काय मिळवून राहिलो आपुन? त्याला बरं करा. मंग मला त्याच्याकडून नवा दोरा पाहिजे.”

कोर्टात हशा झाला. न्यायाधीशही हसले, आणि लिहायला लागले. चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र, सहा महिने बिलोलीच्या घरात वास्तव्य, नशा बंद, त्यानंतर सहा महिने दर महिन्याला ठाण्यात हजेरी. अट मोडली तर शिक्षा भोगायची. आई पदरात तोंड घालून रडत होती. हवालदारांनी तिला सांगितलं, “बाई, हे चांगलं झालं.” ती म्हणाली, “ठावं हाय मला. म्हणूनच रडून राहिले.”

आम्ही त्याला मुखेडवरून एसटीनं घेऊन गेलो. बिलोलीच्या त्या घरात आधी कापसाचं गोदाम होतं. आत अकरा खाटा, बाहेर एक चूल, एक कडुनिंब. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. हवालदारांनी सवयीनं पोराचं मनगट धरलेलं. बाई म्हणाल्या, “हात सोडा त्याचा. आता तो पाहुणा आहे.” मी फाटक पाहिलं. कडी होती, कुलूप नव्हतं.

“कुलूप कुठाय?”

“लावत नाही.”

“पळाला तर?”

“तर तुम्ही आहातच की,” बाई म्हणाल्या आणि त्याला पाणी शेंदायला घेऊन गेल्या.

आणि तो पळालाच. तिसऱ्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी. दुपारी वायरलेसवर निरोप आला आणि माझं डोकं फिरलं. म्हणालो, बघा, हेच सांगत होतो. गाडी काढून बिलोलीला पोचलो तर पोरगा चुलीपुढं बसून पीठ मळत होता. बाई म्हणाल्या, “दुकानापर्यंत गेला, एक पेला प्याला, आणि आपणहून परत आला. येऊन मला सांगितलं. आता तुम्ही काय लिहायचं ते लिहा.”

मी जे झालं ते तसंच लिहिलं. पेला प्याला हेही, परत आला हेही. सगळ्या नोकरीत एवढ्या धाकधुकीनं मी दुसरा अहवाल लिहिला नाही. अट तर मोडली होती. न्यायाधीशांनी वाचून एवढंच विचारलं, “परत कुणी आणला?” मी म्हणालो, “कुणी नाही, साहेब.” त्यांनी खाली लिहिलं, आदेश पूर्ववत चालू. ते वाक्य घेऊन मी कोर्टाच्या पायऱ्या उतरलो तेव्हा मला पळत सुटावंसं वाटलं. फौजदार पळत नसतो म्हणून चालत गेलो.

त्यानंतर तो घसरला नाही. सुरुवातीला चिडायचा, झोप यायची नाही, भाकरी करपवायचा म्हणून बाकीचे दहा जण शिव्या द्यायचे. मग चाचा पंधरवड्याला एसटीनं रंगीत सूत घेऊन जायला लागले. गोंडे वळताना हात कापला की गोंडा वाकडा होतो, त्यामुळं आपला हात आज किती स्थिर आहे हे पोराला स्वतःलाच दिसायचं. त्याच्याभोवती हळूहळू बाकीचेही बसायला लागले. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, आणि पोळ्याच्या आधी त्या अकरा जणांनी वळलेले बैलांचे गोंडे मुखेडच्या बाजारात हातोहात गेले. आमचे हवालदार तिथं चौकशीला म्हणून जात आणि येताना सायकलच्या दोन्ही मुठींना लाल-पिवळे गोंडे बांधून येत. सरकारी सायकल आहे, काढा ते, असं मी दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही.

शिंदीच्या त्या दुकानाबद्दल शेजारच्या जिल्ह्याला पत्रं लिहिली, ते बंद झालं. काही दिवसांनी दुसऱ्या गावात दुसरं उघडलं, हेही सांगितलं पाहिजे. सगळं काही आपल्या हातून होत नाही. पण त्यानंतर मी ज्या ज्या ठाण्यात गेलो तिथं कोवळ्या वयाचं पोरगं चोरीत आलं की जबाबाआधी दोन प्रश्न विचारायचो. काय पितोस, आणि कधीपासून. डॉक्टर आधी, कागद नंतर. सगळी वाचली असं नाही. बिलोलीला पाठवलेल्यांपैकी काही परत माझ्याकडेच आली. पण तुरुंगात पाठवलेली तर बहुतेक सगळीच परत येत होती. ‘सराईत’ हा शब्द लिहिताना मात्र माझा हात कायमचा अडखळायला लागला, आणि मला त्याचा अभिमान आहे.

तीन-चार वर्षांनी माझी बदली नांदेडच्या बाजूला झाली होती. एक फेटेवाले गृहस्थ ठाण्यात आले. बिलोलीकडचे शेतकरी. पोराचं नाव घेऊन म्हणाले, “त्याला माझी लेक देऊन राहिलो. पोरगं म्हणालं, आधी फौजदारसाहेबाला भेटा, मंगच पुढचं बोला.”

मी त्यांना बसवलं. सोयरिकीच्या चौकशीला लोक ठाण्यात येतात तेव्हा आम्ही मोघम बोलतो. त्या दिवशी मी मोघम बोललो नाही. तीन डब्या, कोठडी, दवाखाना, बिलोली, मधे प्यालेला तो पेला, सगळं सांगितलं. ऐकून ते म्हणाले,

“हे समदं त्यानं सोताच सांगितलंय, साहेब. आमचं ठरलंय बी. मी चौकशीला आलो न्हाई.”

“मग?”

ते जरा चाचरले. “सुपारीला त्याच्याकडून बसायला थोरलं माणूस कुणी न्हाई. बाप न्हाई, चुलता न्हाई. चाचा येणार हायत, पण त्यांना गुडघ्यानं खाली बसता येत न्हाई. पोरानं तुमचं नाव घेतलं. तोंडानं मागायची त्याला लाज वाटून राहिली, म्हणून मी आलो.”

मी रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना, शेवटी ‘घरचं कार्य’ असं लिहिलं. त्या दिवशी धोतर नेसून गेलो. मांडवात घोंगडी अंथरलेली. एका बाजूला मुलीकडची दहा-बारा माणसं आणि दुसऱ्या बाजूला नुसती त्याची आई, चाचा मागं खुर्चीवर. भटजींनी पंचांगातून मान वर करून विचारलं, मुलाकडचं वडीलधारं कोण? आईनं माझ्याकडं पाहिलं. मी टोपी नीट केली आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो.